बाटल्यांचं विरजण

३ नोव्हें., मोताळा
कॉलेजला दिवाळीची सुट्टी, लॅबला कुलूप. बाटल्या बुलढाण्याहून घरी आणल्या. बल्ब लावलेल्या खोक्यात सहा: वणीकडच्या खाणीतला कोळसा, त्याच थरातलं पाणी, आत हवा नाही, बुचात वायू मोजायला सिरिंज. तीन जिवंत, तीन उकळून मारलेल्या. वायू फक्त जिवंतांत आला, तर मिथेन जंतू आजही करताहेत. कोळशात अडकलेला जुना नव्हे. एवढंच दाखवायचंय. महिना झाला, शून्य. काही जंतू कोळसा फोडतात, काही ते तुकडे आंबवतात, शेवटचे मिथेन सोडतात. साखळी जमायला वेळ लागणारच.
वडिलांना, आबांना, शून्य बघवत नाही. रोज खोक्याशी येऊन, "काही हाललं का व?"

९ नोव्हें.
बाजारातून आले तर जिवंत बाटल्यांत फिकी गुलाबी छटा. पाण्यात टाकलेलं रंगद्रव्य हवा लागली की गुलाबी होतं, म्हणजे हवा शिरली. बुचं घट्ट. संध्याकाळी रंग गेला. कारण?

१८ नोव्हें.
वायू. तिन्ही जिवंत बाटल्यांवरच्या सिरिंजचा दट्ट्या वर. मृत स्थिर. अपेक्षितच. सरांना फोन केला. म्हणाले, डिसेंबरअखेर बैठकीत तूच मांड. पुढची फेलोशिप त्यावर.

१९ नोव्हें.
जेवताना सांगितलं. आबा आईकडे बघून हसले. "येईनच ना. विरजण म्या लावलं."
नवा गोबरगॅस सुरू करताना शेजारच्या चालू टाकीतली शेणाची स्लरी आणून ओततात, तसंच. गुरांच्या सिरिंजने, बुचातून, थोडी थोडी. सोबत हवा गेली, गुलाबी छटा ती. बाकीच्या तीन का सोडल्या, मी विचारलं.
"तू त्याइच्यावर मृत लिवलं. मेलेल्याले काय पाजू?"
आई हसली. मी जेवण पूर्ण केलं.

२० नोव्हें.
सरांना कळवलं, निकाल बाद. वायू कोळशातल्या जंतूंचा की शेणातल्या, सांगता येत नाही. बैठक पुढे ढकलता येणार नाही म्हणाले.

२४ नोव्हें.
लॅब उघडली. थराचं पाणी बंद कॅनमध्ये उरलं होतं. सहा नव्या भरल्या. परत घरीच आणल्या. लॅबची वीज जाते, घरी इन्व्हर्टर आहे. कारण तेवढंच.
टेबलावर गुरांची सिरिंज. धुतलेली, सुई काढलेली.

१६ डिसें.
शून्य. आबा हात पाठीशी बांधून खोक्याजवळ बसतात. "इच्या पोटात असंन का व काही?"
असेल, म्हटलं. खात्री आहे. बैठकीआधी दिसेल का, ते वेगळं.

१९ डिसें.
दोन नंबरचा दट्ट्या केसभर वर. आबांनी आधी पाहिला. बल्बच्या उबेनेही सरकतो. आकडा उद्या, खोकं निवल्यावर, पुन्हा मोजून लिहीन.