लाल नळीतलं हिरवं पाणी

रविवार, १ नोव्हेंबर
टीव्ही मेलेला नाही. हार्लनने आज चर्चच्या पार्किंगमध्ये तसं खात्रीने सांगितलं, आणि हार्लनने या गावातले टीव्ही पस्तीस वर्षं दुरुस्त केलेत. मागचं झाकण उघडून काय दिसलं ते मी त्याला सांगितलं. जुना, कपाटाएवढा प्रोजेक्शन टीव्ही, आत चित्र फेकणाऱ्या तीन नळ्या, लाल, हिरवी, निळी. लाल नळीच्या तोंडाशी असलेलं कूलंट, म्हणजे नळी थंड ठेवणारं पारदर्शक द्रव, गळून खालच्या बोर्डावर साचलंय. वास गोड. तो म्हणाला, "मेलेला नाही. पण माझा असता तर मी मरू दिला असता." दुसरं वाक्य वयामुळे. हार्लन हल्ली लवकर थकतो.

थँक्सगिव्हिंगला पंचवीस दिवस. अकरा वर्षं त्या दिवशी टर्की खाऊन सगळे आमच्या तळघरात फुटबॉलची मॅच बघतात, यंदाही बघतील. बायकोला, आर्डिसला, तसं सांगितलं. ती म्हणाली, "लाइलकडे नवा आहे, भिंतीवरचा." लाइल म्हणजे तिचा भाऊ. अकरा वर्षं तळघरातल्या माझ्या बारवर माझी बिअर प्याला, आता त्याला भिंत मिळाली.

संकल्प: रोज सकाळी दोन तास काम.

सोमवार, २ नोव्हेंबर
अंगणातली पानं गोळा केली. पाठ.

बुधवार, ४ नोव्हेंबर
बोर्ड बाहेर काढला. प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून पेनने नंबर टाकले, एकदम शिस्तीत. चिकटपट्ट्यांना कूलंट लागलं आणि नंबर पुसले गेले. हरकत नाही. कुठली वायर कुठली ते मला साधारण आठवतं.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर
क्लबात शुक्रवारचे तळलेले मासे खायला गेलो. हार्लन बारवर भेटला. म्हणाला, बोर्ड डिस्टिल्ड वॉटरने धू, मंद आचेवर वाळव आणि टीव्हीचं कूलंट मागव. ते बिनरंगी असतं, दुकानात मिळत नाही, यायला बारा दिवस लागतात. सगळं नीट ऐकलं.

लाइल पलीकडच्या टेबलावर होता. तिथूनच ओरडला, "नॉर्ब, पाद्र्याला बोलाव! मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावून घे टीव्हीला!" सगळे हसले. आर्डिससुद्धा. मी बटाटे संपवले.

रविवार, ८ नोव्हेंबर
मुलीचा, ट्रूडीचा फोन. या वर्षी नक्की येतेय, तिकीट काढलं. मागची दोन वर्षं जमलं नव्हतं. सहज विचारलं तिने, "बाबा, तळघरातला टीव्ही ठीक आहे ना?" म्हटलं, एकदम.

खरं तर तेव्हा टीव्ही चार टेबलांवर पसरलेला होता. पण प्रत्येक तुकडा आपापल्या जागी ठीक होता.

आता मात्र करायलाच हवं.

बुधवार, ११ नोव्हेंबर
बोर्ड धुतला. वाळवायचं कशात, हा प्रश्न होता. आमच्या ओव्हनचं खालचं एलिमेंट मार्चपासून गेलंय (यादीत आहे). मग आर्डिसचा इलेक्ट्रिक रोस्टर, टर्की भाजायचं विजेचं भांडं, आठवला. तिच्या आईचा, बावीस पौंडांची टर्की आरामात मावते. गॅरेजमध्ये नेऊन दीडशे डिग्री फॅरनहाइटवर अडीच तास. बोर्ड सुरेख वाळला. रोस्टर दोनदा पुसून जागच्या जागी ठेवला. किंचित वास येत होता, गोडसर. जाईल.

असं डोकं लाइलचं चाललं असतं का?

शनिवार, १४ नोव्हेंबर
कूलंट मागवायचं राहून गेलं. आता मागवलं तर सव्वीस तारखेलाच येणार.

पण मी अठ्ठावीस वर्षं काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवलाय. कूलंट म्हणजे काय ते मला शिकवायला नको. टीव्हीतही तेच, ट्रकमध्येही तेच. गॅरेजच्या फळीवर अर्धा डबा होता. त्याचा रंग हिरवा, एवढाच फरक, आणि तोही गळती चटकन दिसावी म्हणून घातलेला असतो. म्हणजे उलट फायदाच. शिवाय शून्याखाली चौतीसपर्यंत गोठत नाही. आमच्या तळघरात हिवाळ्यातही बासष्ट फॅरनहाइट असतं, तेव्हा ती बाजू भक्कम.

आर्डिसच्या केकच्या पिचकारीने लाल नळीत भरलं. एकही बुडबुडा नाही. खूप वेळ बघत बसलो.

मंगळवार, १७ नोव्हेंबर
जोडणी पूर्ण. चालू केला. धूर नाही! चित्रही नाही, पण आवाज आला, हवामानाच्या बातम्या अगदी स्वच्छ. म्हणजे निम्मा टीव्ही झाला. आर्डिसने जिन्यातूनच विचारलं, "रेडिओ दुरुस्त केलास?"

एक वायर उरलीय.

बुधवार, १८ नोव्हेंबर
शॉक. डावा हात. चार वाजेपर्यंत सोफ्यावर.

शनिवार, २१ नोव्हेंबर
हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. सगळा गाव नारिंगी जाकिटं घालून जंगलात. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी गेलो नाही. तळघरात शांतता होती, काम झालं असतं. दहा वाजता लाइलचा फोन, शिंगांना आठ टोकं असलेलं हरीण मारलं म्हणून. म्हणाला, "आणि तू काय मारलंस?" नंतर काम करावंसं वाटेना.

रविवार, २२ नोव्हेंबर
आर्डिसने रोस्टर घासायला काढला. झाकण उघडताच गोडसर वास आला, तशीच उभी राहिली, मग मला हाक मारली आणि एकच प्रश्न विचारला. मी खरं उत्तर दिलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "विष आहे हे, नॉर्ब. शेजारचा कुत्रा असलंच कूलंट चाटून गेला." म्हटलं, बोर्ड आधी धुतला होता. म्हणाली, "आईचा होता रे."

मग ओव्हनकडे बघितलं तिने. मग माझ्याकडे. मग लाइलला फोन केला. टर्की त्याच्या ओव्हनमध्ये होणार, आणि टर्की जिथे तिथे सगळे.

मी तोडगा सुचवला: जेवण तिकडे, मॅच इकडे. गाडीने आठ मिनिटं. तिने विचारलं, "पोटभर जेवलेली माणसं कोट-बूट चढवून, गाडी काढून तुझ्या तळघरात येतील?" मी म्हटलं, येतील. ती भांडी विसळायला गेली.

बुधवार, २५ नोव्हेंबर
ट्रूडी आली. बारीक झालीय. उरलेली वायर चौथ्या जागी बसली आणि पडद्यावर उजेड आला, चित्र नाही, नुसता उजेड. तिला दाखवायला बोलावलं. "छान आहे, बाबा," म्हणाली.

गुरुवार, २६ नोव्हेंबर, सकाळी ११.००
सगळे लाइलकडे गेले. निघताना ट्रूडी जिन्यात थांबली, "चला ना बाबा." म्हटलं, चित्र आलं की फोन करतो, सगळ्यांना घेऊन ये. बारवर दहा ग्लास पुसून मांडलेत.

१२.५०
चित्र आलं!!

१२.५५
रंगाचं थोडं बघावं लागेल. लाल कमी आहे. म्हणजे लाल नाहीच. माणसं हिरवी दिसतात. दोन्ही टीम हिरव्या, पंच हिरवे, स्टुडिओतल्या बाईंना बरं नसावं असं वाटतं. पहिला टचडाउन झाला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. तो त्यांचा होता.

सेटिंगमध्ये लाल पूर्ण वाढवला. फरक नाही. हिरव्या पाण्यातून लाल उजेड जात नाही हे हार्लनने स्पष्ट सांगायला हवं होतं.

फोन केला नाही अजून.

२.१०
ट्रूडी आली, एकटीच. फॉइलने झाकलेली प्लेट घेऊन. माझ्या शेजारी सोफ्यावर बसली, लहानपणी बसायची त्याच बाजूला. पाच मिनिटं दोघांनी मॅच बघितली. मग तिने विचारलं, "कोण जिंकतंय?" मला सांगता येईना. तिला हसू फुटलं, मग मलाही. दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं.

म्हणाली, तिकडे मॅच कुणी बघतच नाहीये. लाइलमामाने पत्ते काढलेत आणि पाचवा भिडू नाही म्हणून डाव अडलाय. आईने खुर्ची अडवून ठेवलीय, कुणाला बसू देत नाही.

प्लेट इकडेच संपवली. मग कोट घातला.

रात्री ८.००
तीन डाव हरलो. लाइलचा टीव्ही भिंतीवर आवाज बंद करून नुसता चालू होता. मी त्याला प्रामाणिकपणे सांगितलं की तुझ्या टीव्हीत लाल जास्त आहे. तो पत्ते पिसत म्हणाला, "नॉर्ब, माणसं अशीच दिसतात."

टर्की चांगली झाली होती. रोस्टरमधल्यासारखी नाही. हे आर्डिसच म्हणाली, माझ्याकडे न बघता.

शनिवार, २८ नोव्हेंबर
ट्रूडीला विमानतळावर सोडलं. पुढच्या वर्षीही बघते म्हणाली.

येताना गाडीत आर्डिसला योजना सांगितली: हिरवं काढायचं, बिनरंगी मागवायचं, बारा दिवस, नाताळाच्या आत तयार. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाहेर काढ तो, नॉर्ब." आवाज थकलेला होता. माझाही असावा, मी हो म्हटलं.

दुपारी माप घेतलं. टीव्ही खाली आणल्यानंतर लगेच मी जिन्याच्या तोंडाशी बार बांधला होता, स्वतःच्या हाताने, पक्का. आता टीव्ही नऊ इंचांनी अडकतो. बार तोडायचा की टीव्ही कापायचा, यावर घरात मतभेद झाले नाहीत.

उद्या ओव्हनचं एलिमेंट बदलायचं. परवा, सोमवारी सकाळी नऊला लाइल करवत आणि पिकअप घेऊन येतोय. टीव्ही कापायचा त्याने, मी फक्त धरायचा. आर्डिसने दोघांनाही वेगवेगळं गाठून तसंच सांगून ठेवलंय.