सात उलथणी, एक कपाळ

मंगळवार, ४ जून

सकाळी पोलीस आले. दोघे, एकाच सायकलवरून. अटक करायला आलेल्यांनी धापा टाकत पाणी मागू नये. मी दिलं नाही.

म्हणे, रविवारी मुखियाच्या मावशीच्या मयताला मी दोरिकाच्या कपाळावर लाकडी उलथणं मारलं. भुवईच्या वर पाच टाके. दोन जास्तीचे तिने मागून घेतले असतील.

खरं काय झालं ते लिहून ठेवते. तिसरीपर्यंत शाळा काढली ती काही उगाच नाही. आमच्या गावात मयताच्या घरचा न्सीमा माझ्या हुकुमाने शिजतो. एकवीस वर्षं. सात हंडे, त्यावर सात बायका, कमरेएवढी उलथणी, सातातली पहिली मी. न्सीमासाठी मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात असं घोटायचं की उलथणं हंड्यात सरळ उभं राहिलं पाहिजे. दोरिका पाणी ओतायला आली आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाली की आजीचे हात गेले आता, उलथणं धाकट्या हातात द्यावं. धाकटे हात म्हणजे तिचे. वय पंचावन्न.

मी उलथणं फक्त उचललं. कपाळ तिने मध्ये आणलं.

गुरुवार, ६ जून

जामिनावर सुटले. भाऊ जामीन राहिला आणि घरापर्यंत तेच ऐकवत आला, की तारखेला गेली नाहीस तर मला धरतील. धरू देत. जरा बारीक होईल.

संध्याकाळी मुखिया चिकोपा आला. कोर्टाने दोषी धरलेला हात मयताच्या हंड्याला लागत नाही, हे त्याने मलाच समजावलं, जसं काही हा नियम मला माहीत नाही. दोषी ठरले तर उलथणं दोरिकाला. तोवर काय, म्हणून विचारलं. म्हणाला, तोवर थांबू. म्हटलं, मग निकालापर्यंत गावात कोणी मरू नये म्हणजे झालं. हसला नाही. त्याची मावशीच गेलीय म्हणा.

ठरवलं: कोर्टात दोनच वाक्यं बोलायची. छोटी.

मंगळवार, ११ जून

कायदा फुकट समजावून सांगणारा एक माणूस तालुक्याहून आला. मसेको. खिशाला चार पेनं, त्यातलं एक चालतं. स्वतः कोर्टात बोलू शकत नाही, बाहेरून सांगतो. म्हणजे आमच्या जावयासारखा.

म्हणाला, सिद्ध करणं पोलिसांचं काम, तुमचं नाही. शंका राहिली तर फायदा तुमचा. नुसतं मारलं एवढं पुरत नाही, मुद्दाम मारलं हेही त्यांनीच दाखवायचं. इथवर ठीक. मग म्हणतो, तुम्ही एक अक्षरही बोलला नाहीत तरी चालतं.

मी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मुखिया आंब्याखाली निवाडा करतो, तिथे जो गप्प बसतो त्यानेच केलेलं असतं. बकरी चोरणारासुद्धा तिथे दुपारपर्यंत बोलतो. दोन्ही बाजूंच्या जिभा कोरड्या पडल्याशिवाय मुखिया तोंड उघडत नाही. मसेको म्हणाला, आजी, कोर्ट म्हणजे आंबा नव्हे. एवढं शिकायला याला कॉलेज लागलं.

सोमवार, १७ जून

पहिली तारीख. मॅजिस्ट्रेट म्हणजे एक पोरगी. माझ्या धाकटीच्या वयाची. आरोप वाचून दाखवला आणि गुन्हा कबूल आहे का विचारलं. मी सांगितलं, मारलेलं नाही, पण ती मार खायच्याच लायकीची आहे, लग्न होऊन आली तेव्हापासून, आणि मारलं असतं तर… तिने हात वर केला आणि लिहिलं, ‘नाकबूल’. एवढं सगळं बोलले, आणि एक शब्द. कागदाची एवढी टंचाई आहे का?

मसेको बाहेर डोकं धरून बसला होता. ऊन लागलं असेल.

गुरुवार, २७ जून

नऊ किलोमीटर चालत गेले. पोलिसांच्या वकिलाने फाईल आणली नव्हती. पुढची तारीख. दोरिका मोटारसायकलच्या मागे बसून गेली, मला बघून मान वळवली. मानेला काही झालेलं नाही, याची नोंद करते.

सोमवार, ८ जुलै

साक्षी. सगळं बघितलेली एकच, फेमिया. ती नवऱ्याकडे दक्षिण आफ्रिकेला निघून गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती बाई वेळेवर कुठेतरी गेली.

मग दोरिका. नवं लुगडं, कपाळावर पट्टी. जखम भरून दोन आठवडे झाले, तिच्या जावेनेच मला सांगितलं. शपथ घेतली, रडली.

उलटतपासणीला मी त्रेचाळीस प्रश्न लिहून नेले होते. पहिला तिच्या लग्नातल्या कोंबड्यांबद्दल होता. मसेकोने हात जोडले, म्हणाला एकच विचारा. विचारला. मारणारीला पाहिलंस का? दोरिका म्हणाली, डोळ्यांत धूर होता. डोळे उघडले तर सात जणी उलथणी घेऊन उभ्या.

पोलिसांचा वकील खाली बसला. निकाल उद्या. मसेकोने माझा हात हातात घेऊन हलवला. बेचाळीस प्रश्न वाया गेले.

मंगळवार, ९ जुलै

निकाल ऐकायला मुखियाही आला. दोरिकाशेजारी बसला. लक्षात ठेवलं.

पोरगी वाचायला लागली. मारलं कोणी, हे कोणी पाहिलेलं नाही. सातांपैकी कोणीही असू शकेल. ठीक. मग वाचते:

“शिवाय आरोपीचं वय आणि हातांची अवस्था पाहता, इतक्या जोराचा फटका तिच्याकडून बसेल, हेही पटण्यासारखं नाही.”

दोरिका हसली. पट्टी हलली. मुखियाने मान डोलावली, सावकाश, ठरल्यासारखी. म्हणजे मी सुटणार आणि माझे हात गेले हे कोर्टाच्या शिक्क्यासकट कागदावर राहणार. मग उलथणं कोणाला?

मी उठले. माझी बाजू विचारल्याशिवाय निकाल कसा?

“आजी, बसा. निकाल तुमच्या बाजूनेच लागतोय.”

नाही बसले. पोरीने तीनदा बजावलं, की बोलायची गरज नाही, बोललात तर तुमच्यावरच उलटेल. मी शपथ घ्यायला बायबल मागितलं. तिने वाचत होती तो कागद पालथा ठेवला.

मी म्हटलं, “त्या सहा जणींना उलथणं नीट धरता येत नाही. कपाळावर, डोळा वाचवून, बरोब्बर भुवईच्या वर मारायला हात लागतो. तो हात हा.”

पोलिसांचा वकील झोपला होता तो लिहायला लागला. त्याने एकच प्रश्न विचारला: कसा मारला? करून दाखवला. दोन्ही हातांनी.

फार छान बोलले. पाऊण तास. मुखिया आता मान डोलावत नव्हता. मसेको बाहेर निघून गेला, त्याचं ऐकायचं राहिलं.

सोमवार, १५ जुलै

दोषी. मारलं हेही सिद्ध, मुद्दाम मारलं हेही सिद्ध. सहा महिन्यांची कैद, पण आत नाही, दर बुधवारी कोर्टाचं अंगण झाडायचं. वयाकडे बघून सूट दिली म्हणे. सूट मला नको आहे असं सांगितलं. तेही तिने लिहिलं नाही.

अपील करणार. मसेको विचारतो, कशावर बोट ठेवणार? पुरावा तुमचाच होता. म्हटलं, मग चांगलाच असणार.

मुखिया स्वतः येऊन उलथणं घेऊन गेला. टेकून ठेवलं होतं तिथे भिंतीवर पांढरा पट्टा राहिलाय. सारवायला हवा.

शनिवार, ३ ऑगस्ट

पहाटे म्हातारा तादेयो गेला. लुगडं घट्ट आवळून तयार बसले. दोरिकाला सात हंडे झेपणार नाहीत, बोलवायला यावंच लागेल. घाई करणार नाही. आधी जरा ‘नको’ म्हणायचं.

दुपारपर्यंत कोणी आलं नाही. माणसं कामात असतील. मीच गेले.

सातही हंडे चुलीवर. सातही जागा भरलेल्या. मी जवळ जाऊन उभी राहिले, तर एक कालची सून म्हणाली, आजी, धुरात नका थांबू, खोकला होईल. हाताला धरून नेलं आणि चटईवर बसवलं, ज्यांना दिसत नाही, चालवत नाही अशा म्हाताऱ्यांच्या रांगेत.

वाढायची वेळ झाली तेव्हा दोरिका आली. माझ्यासमोर दोन्ही गुडघे टेकले, मान खाली घातली, हातांवर पाणी घातलं आणि ताट दोन्ही हातांनी पुढे केलं. थकलेल्या माणसांना देतात तसं.

म्हणाली, “घ्या, आजी.”

घेतलं.