बांधावरचं पान

दार-एस-सलाम, ता. ४ ऑगस्ट

ती. आइकारुवाताईस एलिनामीचा सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. कंपनीत माझी बढती झाली. गेली तीन वर्षं आमच्या पाकिटावरच्या खुणेवरून परदेशी गिऱ्हाइकाला कळतं, की कॉफी कुठल्या बागेतली, कुणाच्या हातची. आणि वाढीव भाव थेट त्या शेतकऱ्याच्या फोनवर जमा होतो. याच विषयावर मी गावोगाव भाषणं देतो. कंपनीच्या यादीत आपल्या बागेचा शेतकरी म्हणून अर्थातच माझं नाव आहे. आपल्या रीतीप्रमाणे धाकटा मुलगा म्हणून बाग माझ्याकडेच आली ना. वीस तारखेला तपासनीस बाई येतील. तू मदतीला असतेस, एवढंच सांग. आणि झाडं किती आहेत ते उलटटपाली कळव. मला विचारलं तर पंचाईत नको.

तुझा,
एलिनामी

किबोशो, ता. ९ ऑगस्ट

चि. एलिनामीस अनेक आशीर्वाद.

बढतीचं वाचून आनंद झाला. झाडं चारशे बारा. नाल्याकडची अकरा म्हातारी झाली होती, ती फेब्रुवारीत छाटली. मागे तू आलास तेव्हा लाल फळांबरोबर हिरवीही ओरबाडून टोपलीत टाकलीस, ती निवडण्यात माझी दुपार गेली. फळं सोलते मी, दाणे धुते मी, आभाळ भरून आलं की झाकायला धावते मी. आणि वाढीव भाव तीन वर्षं तुझ्या फोनवर. समुद्रापलीकडच्या माणसाला आपली बाग सापडली, तुला मात्र बागेतली बहीण सापडेना, कमाल आहे.

जमीन तुझीच राहू दे, त्यावर माझं भांडण नाही. पण यादीत राबणारीचं नाव हवं. बाई यायच्या आत आपणहून बदल. मला वाईट वाटलंय, हसण्यावारी नेऊ नकोस.

तुझी ताई

दार-एस-सलाम, ता. १४ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

चुकलं माझं. पण आत्ता नाव बदललं तर कचेरीत माझी शोभा होईल. हंगाम संपला की बघू. तोवर लिफाफ्यात मासालेच्या झुडपाचं पान घातलंय. हे पान हाती आलं की आपल्यात माफी नाकारता येत नाही, हे तुला मी काय सांगणार.

एलिनामी

किबोशो, ता. २२ ऑगस्ट

चि. एलिनामीस आशीर्वाद.

पान मिळालं. त्याला मधोमध पिवळा पट्टा आहे. आपल्या बांधावरचं मासाले सगळं हिरवं असतं. हे तुझ्या कचेरीतल्या कुंडीतलं दिसतं. ज्या मालाचा माग लागत नाही तो घेऊ नका, असं आमच्या सभेत तूच सांगून गेलास. म्हणून परत पाठवते.

बाई येऊन गेल्या. त्यांनी झाडं मोजली, माझे हात बघितले आणि नाव विचारलं. तुमच्या कंपनीतून कुणी माझं नाव विचारण्याची ही पहिलीच वेळ. मी सांगितलं, त्यांनी यादीत तुझ्या जागी लिहून घेतलं.

शनिवारी ये. बांधावरचं पान स्वतः तोडून हातात दे, मी त्याच क्षणी माफ करीन. तुझ्यावर राग धरणं मला जमतही नाही. नाव मात्र आता परत मागू नकोस.

माया आहे तशीच आहे. येताना जेवून येऊ नकोस.

आइकारुवा