कासिमालीच्या लाद्या

तोकमोक, २८ मार्च

प्रिय कासिमाली,

सहा वर्षांत तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत आणि आज एकदम पत्र, म्हणजे तू आधी पाकीट उलटसुलट करून बघशील, की गल्लीत कोण गेलं. कुणी गेलेलं नाही. माझी कालीमान ठणठणीत आहे आणि तिची जीभ तिच्याहून. तुझ्या घराच्या खिडक्यांवर ठोकलेल्या फळ्या जागच्या जागी आहेत, अंगणातल्या जर्दाळूला यंदा कळ्या लवकर धरल्या. फोन करता आला असता, पण फोनवर तू मधेच थट्टा करतोस, मी हसतो, आणि सांगायचं ते राहून जातं. एका वर्षी जन्मलेल्यांनी एकमेकांना वाटेल ते बोलावं, अशी आपल्याकडे मुभा आहे. त्या मुभेच्या आड मी फार लपलो.

तू रशियात, त्युमेनला मुलाकडे गेलास त्यानंतर मी भिंती बांधणं सोडलं. आता मी फक्त पायवाटा दुरुस्त करतो. बर्फ वितळलं की पट्टी आणि निळा खडू घेऊन निघतो. पॉप्लरच्या मुळ्यांनी लादी उचललेली असते, नाहीतर गारठ्यानं खालची माती फुगून एक कड वर आलेली असते. कड बोटभर असेल तर ग्राइंडर लावून उतार करतो. लादी खचली असेल तर पहारीनं उचलून खाली रेती-खडी ठासतो. झाडाभोवतीचं काँक्रीट फोडून मुळाला जागा करून देतो. कालीमान म्हणते, "सगळ्या गल्लीची वाट सारखी करत फिरतोस, आपल्या उंबरठ्याला मी रोज ठेचकाळते, तिथे कधी उजाडणार?" तिचं खरं आहे. पण माणसाला पाडायला अंगठ्याएवढा उंचवटा पुरतो, हे ज्या दिवशी कळलं, तेव्हापासून माझी नजर जमिनीवरून उठत नाही.

नळापासून दवाखान्यापर्यंतच्या आपल्या दहा लाद्या तुला आठवतच असतील. पहिल्या सात जशा ओतल्या तशा आहेत. शेवटच्या तिन्हींना गल्ली या नौरोझपर्यंत 'कासिमालीच्या लाद्या' म्हणायची. बायका नातवंडांना सांगायच्या, "कासिमालीच्या लाद्यांवरून जपून जा." तुला कधी पाहिलंही नाही अशी पोरं तुझं नाव घेऊन डबकी ओलांडायची. मी दर वसंतात त्यांच्यावर नवा पातळ थर द्यायचो आणि दर हिवाळ्यात तो पोपड्यांसारखा सुटायचा. एकदा फोडून नव्यानं ओताव्यात, एवढं साधं काम. ते मी सहा वर्षं टाळलं.

त्या दिवशी अशारच्या श्रमदानाला सगळी गल्ली फावडी घेऊन आली होती. ऑक्टोबर संपत आला होता, रात्री गोठायला लागलं होतं. पत्र्यावर सिमेंटचा माल तू कालवत होतास आणि थापी माझ्या हातात होती. सात लाद्या झाल्या, आठवीचा माल कालवून तयार, आणि मामीर-अतानं आपल्या अंगणात चहाला बोलावलं. गल्लीचा वडीलधारा, म्हातारा अक्साकाल, त्याच्या घरी पाहुणे आलेले, नाही कोण म्हणणार? मीच बढाई मारली होती, की मी येईपर्यंत मालाला कुणी हात लावायचा नाही. तू एकटा पत्र्यापाशी थांबलास. तीनदा दारात आलास. पहिल्यांदा म्हणालास, "इशेनबाय, माल बसतोय." दुसऱ्यांदा म्हणालास, "अरे, माल बसतोय आणि तूही बसलायस." सगळे हसले. तिसऱ्यांदा नुसता उभा राहिलास. दुआ झाल्याशिवाय दस्तरखानावरून उठायचं कसं? आणि मामीर-अता दुआच्या आधी आपल्या आजोबांच्या घोड्याची गोष्ट सांगत होता.

तू कंटाळून लाद्यांवर पसरायला पेंढा आणायला गेलास. मी आलो तेव्हा बाकीचे अजून दारात आपापले बूट शोधत होते. पत्र्यावरच्या मालात फावडं जाईना. तो फेकायचा होता, कासिमाली. एवढं मला तेव्हाही कळत होतं. पण फेकला असता तर सगळ्यांसमोर दिसलं असतं, की अताच्या चहापायी वर्गणीचं सिमेंट वाया गेलं. म्हाताऱ्याला खाली बघायला लावायचं नव्हतं मला. मी दोन बादल्या पाणी ओतलं, माल सैल केला आणि तीन लाद्या ओतल्या. थापी सायीवरून फिरावी तशी फिरली. तू पेंढा घेऊन आलास, बघत राहिलास, आणि एवढंच म्हणालास, "फार मऊ दिसतंय." मी म्हणालो, "उस्तादाचा हात लागलाय." तू पेंढा पसरलास, दोन थर.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते एकदा माझ्या हातानं लिहायचंय. त्याच हिवाळ्यात आठव्या लादीचा वरचा थर सुटला, कड उघडी पडली, आणि फेब्रुवारीत बुरुलचा-आपा तिथे पडली. अर्ध्या गल्लीची नाळ जिनं कापली, तुझ्या दोन्ही पोरांची सुद्धा, ती सुईण खुब्यातून मोडली. गल्लीच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, माल कुणी कालवला? तू म्हणालास, "मी." आणि माझ्याकडे एकदा पाहिलंस. मी टोपीचा काठ चाचपत बसलो. मग लोक म्हणाले, कासिमालीनं सिमेंट घरी नेलं असणार. एकाच पत्र्यावरच्या सात लाद्या टणक आणि तीनच भुसभुशीत कशा, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी थोबाड उघडलं असतं तर तू आज इथे असतास.

आणि एक तुला माहीत नाही. आपा दीड वर्ष अंथरुणावर होती. मी तिच्या दारात उतार बांधून दिला, खुर्ची बाहेर काढता यावी म्हणून. ती रोज माझे हात धरून दुआ द्यायची, हे हात सलामत राहोत म्हणून. एक दिवस तिनं विचारलं, "कासिमालीनं असं का केलं असेल रे? चांगला होता." मी म्हणालो, "काय माहीत, आपा." बैठकीत मी नुसता गप्प बसलो होतो. इथे मी बोललो, तेही इतकंच. ती गेली तेव्हा तुझ्याबद्दल तेवढंच मनात घेऊन गेली. याला आता कुठलीही दुरुस्ती नाही.

या नौरोझला गल्लीनं माझा मान केला. पायवाटा सांभाळतो म्हणून मामीर-अतानं स्वतःच्या हातानं माझ्या खांद्यावर मानाचा चपान घातला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "कासिमालीनं बिघडवलं, ते इशेनबायनं सावरलं." तो झगा मला पेलला नाही. मी तो काढून, घडी करून त्याच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं, दोन बादल्यांसकट. आपाची मुलगी आनारकुल हातातली वाटी खाली ठेवून निघून गेली, ती अजून माझ्याशी बोललेली नाही. बोलावं असं मी म्हणतही नाही. मामीर-अतानं विचारलं, "म्हणजे मी घोड्याची गोष्ट सांगत होतो तेव्हा?" मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो काठी टेकत आला, स्टूल टाकून बसला, आणि मी तिन्ही लाद्या फोडेपर्यंत उठला नाही.

तर पत्राचं कारण असं. खड्ड्यावर मी जाड फळी टाकली आहे आणि गल्ली तिच्यावरून दवाखान्यात जाते. एप्रिल अखेरीला गारठा सरला की अशार ठरला आहे, आणि माल तुझ्याशिवाय कुणी कालवायचा नाही, असं सगळ्यांनीच ठरवलं आहे. मामीर-अता म्हणतो, या खेपेला चहा लाद्या बसल्यावर. तुझा खांदा दुखतो, हे ऐकून आहे. पाणी मी आणेन आणि तू म्हणशील तेवढंच घालीन. तू आला नाहीस तरी मला समजेल. मग लाद्या मला ओताव्या लागतील, कारण लोकांची वाट आहे, माझ्या मनासाठी ती फोडलेली ठेवता येणार नाही. पण माफी मात्र मला इथेच, त्या जागेवर उभं राहून मागायची आहे, ज्यांनी तुला नावं ठेवली त्या सगळ्यांच्या देखत. 'कासिमालीच्या लाद्या' आता कुणी म्हणत नाही. काल नळावर एक बाई नातवाला ओरडत होती, "जपून रे, इशेनबायची फळी आहे." मी ऐकत उभा राहिलो. तूही एकदा येऊन ऐक.

तुझाच, तुझ्याच वर्षाचा,
इशेनबाय