निळ्या स्वेटरचं बटण

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

तुझी ठकी सुखरूप पोचली. गाडीत रडली नाही. घरात पाऊल टाकल्यावर पहिलं काय विचारलं असेल? इथे रोज सकाळी डबा मिळतो का! सात वर्षांच्या पोरीनं हे विचारावं? मला तुझी लाज वाटली, स्पष्टच लिहिते.

डॉक्टरांची चिठ्ठी वाचली. नैराश्य म्हणे. नवरा दुसरा संसार थाटून बसला की बायका चार दिवस रडतात आणि पदर खोचून कामाला लागतात. तू दीड वर्ष अंथरुणात. तीस वर्षं मुख्याध्यापिका होते मी, अभ्यास न झाल्याची कारणं मला तोंडपाठ आहेत.

तेव्हा ही दहा कामं. अंथरूण काढणं, दात घासणं, अंघोळ, केर, भांडी, कपडे, दूध तापवणं, कचरा बाहेर ठेवणं, औषध घेणं. आणि दहावं, ठकीच्या निळ्या स्वेटरचं तुटलेलं बटण लावणं. दर रविवारी काय झालं ते खरं खरं लिहायचं, मी लाल शाईनं तपासणार. दहापैकी दहा पडले की पोर तुझी. शिंप्याच्या दुकानात दिवसाला शंभर काजं करायचीस, एक बटण काही जड नाही.

तुझ्या भल्यासाठीच वाईटपणा घेणारी,
ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दहापैकी दोन. दात घासले, सातपैकी चार दिवस, आणि कचरा ठेवला. भांड्यांपैकी एक कप धुतला. त्याला अर्धा तास लागला. नळ सोडला आणि कप हातात धरून उभीच राहिले. पाणी वाहतंय हे दिसत होतं, पण पुढे काय करायचं ते हाताला आठवेना. मला फार भीती वाटली, ताई.

शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, दहाही झाली म्हणून लिहून टाका, बघायला कोण येतंय! पण खोट्या मार्कांवर ठकी आली, तर दुसऱ्याच दिवशी तिला उपाशी शाळेत जावं लागेल. म्हणून खरंच लिहिते.

सुईत दोरा ओवून ठेवलाय. पुढे हात जात नाही.

ठकीला यातलं काही सांगू नकोस. आई बरी होतेय, एवढंच सांग. तिला पापा.

तुझा राग निवळो, माया राहो.
तुझी,
धाकटी


२ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

दोन नव्हे, दीड. दात सातपैकी चारच दिवस घासलेस. कपाला शून्य.

ठकीचं वाचन फारच कच्चं निघालं. म्हणून रोज संध्याकाळी तुझं पत्र तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेते. अक्षर ओळखीचं, त्यामुळे भराभर जमतंय. कपाच्या ओळींवर अडखळली, म्हणून तेवढं तीनदा म्हणवून घेतलं, आता तिला पाठ आहे. काल माझ्या मैत्रिणी आल्या होत्या, तेव्हा नळ सोडून उभं राहायची नक्कल करून दाखवली तिनं. काय हुबेहूब करते गं! आमची हसून हसून पुरेवाट झाली.

तुझं वाचून पोर शहाणी होतेय, तेवढा तरी तुझा उपयोग.
ताई


२० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाया पडते, माझी पत्रं तिला देऊ नकोस. मला हवं तेवढं बोल, मार्क काप, पण तिच्या तोंडून नको.

या आठवड्यात पाच. दूध तापवलं, दोनदा उतू गेलं, पण तापवलं. औषध वेळेवर घेते. अंघोळीचं अजून जमत नाही. बादली भरते आणि तिच्याकडे बघत बसते. स्वेटर खुर्चीच्या पाठीला अडकवून ठेवलाय, म्हणजे उठल्या उठल्या दिसतो.

ठकी माझी आठवण काढते का, तेवढं कळव.
धाकटी


२९ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दहापैकी दहा! सलग सात दिवस. गुरुवारी अंघोळीला जाताना दारातच बसले, रडले, पण गेले. नर्सबाईंनी खाली सही केलीय, म्हणजे तुला शंका नको.

बटण शनिवारी लावलं. दोनदा उसवलं, तिसऱ्यांदा मनासारखं बसलं. स्वेटर धुऊन सोबत पाठवतेय. येताना तिला तोच घाल, गाडीत वारा लागतो. तिचा डबा घासून ओट्यावर ठेवलाय. मला आज फार आनंद झालाय, ताई. कधी घ्यायला येऊ?

तुझे उपकार न विसरणारी,
धाकटी


७ ऑक्टोबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी एकटीनं लिहिलं आहे. तुझी कामं आता मीच तपासते. तुला नऊ दिले. रडलीस म्हणून अंघोळीचा एक कापला.

स्वेटर परत पाठवते आहे. तो मला होत नाही, बाह्या मनगटापर्यंत येत नाहीत. मावशीनं मला एप्रिलमध्येच नवा घेतला, लाल. मी म्हटलं, मग आईला कळवूया, तर मावशी म्हणाली, राहू दे, तिला बटण तर लावू दे. मग आम्ही दोघी दर रविवारी बघायचो, लावलंस का ते.

कपाची नक्कल मी आता करत नाही. सगळ्यांची बघून झाली.

बटण छान लावलं आहेस. त्याला पूर्ण मार्क दिले आहेत. पुढच्या रविवारी पुन्हा दहा लिहून पाठव. घाई करू नकोस. इथे रोज सकाळी डबा मिळतो.

तुझी,
ठकी