एकाच प्रोसेसमधला संसार

७ जुलै २०१४, सोमवार
इंजिनिअरिंग सोडून काय करणार, असं बाबा विचारत होते. हे करणार! कर्वेनगरच्या विवाह मंडळाच्या वेबसाइटला लाइव्ह चॅट. चॅटचा सॉकेट सर्व्हर (मेसेज आत-बाहेर नेणारा) आणि वेबसाइट, दोन्ही एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे एकाच चालू प्रोग्रॅममध्ये. शंभू (सहकारी, डिग्रीवाला) म्हणाला, दिग्या, वेगळे ठेव, एक अडकला की दुसराही अडकेल. मी म्हटलं, भित्र्यांनी वेगळं राहावं. डिग्रीचा माज! उद्यापासून त्याच्याशी अबोला.

८ जुलै
शंभूनं चहा पाजला. बोलावं लागलं.

९ जुलै
चॅट चालू. पहिला मेसेज नम्रताचा. (स्थळांचे फोन ती घेते.) "टेस्ट." बस्स, एवढंच. पण किती आपुलकीनं!

१० जुलै
ठरलं. उद्या विचारायचं. ती समोरच्याच टेबलावर बसते, पण तोंडी विचारणं मागासलेपणाचं. कोड लिहिला: मेसेज गेला की तिचं उत्तर येईपर्यंत थांब. दुसरं काहीही करू नको. अगदी माझ्यासारखा!

११ जुलै, दुपार
पाठवलं. "उद्या कॉफीला येणार का?" स्क्रीन बघून हसली!!

थोड्या वेळानं
उत्तर नाही.

आणखी थोड्या वेळानं
उत्तर नाही. साइटही बंद. मालकीणबाई मंदाकिनीताई बाहेर येऊन म्हणाल्या, अहो दिग्विजय, कॉलेज सोडलंत ते तुमचं तुम्ही बघा, आमची स्थळं का वाऱ्यावर सोडलीत? तडक राजीनामा लिहिला. प्रिंटरमध्ये कागद नव्हता.
शंभूनं सर्व्हर बंद करून परत चालू केला. म्हणाला, तुझा प्रोग्रॅम तिच्या उत्तराची वाट बघत बसलाय, आणि उत्तर आत घेणाराही तोच. मग दार उघडणार कोण? मी म्हटलं, नेट स्लो आहे.
नम्रता माझ्याकडे न बघता घरी गेली. दगड आहे दगड.

१४ जुलै, सोमवार
शंभूनं दोन्ही वेगळे करून टाकले. मला न विचारता! जाब विचारणार होतो, तेवढ्यात नम्रताच आली. म्हणाली, अहो, शुक्रवारी मी "चालेल" टाइप केलं होतं, ते नुसतं गोल गोल फिरत राहिलं. वाटलं, तुम्ही गंमत केलीत. मग जिन्यात शंभूनं विचारलं. तोंडी. कॉफी छान होती म्हणे.
नेट स्लोच होतं.

१८ जुलै
चॅट आता झकास चालतं. ती दोघं दिवसभर त्यावरच असतात. एकदाही अडकत नाही.