दुधाळ थेंबाची काच होताना

बाई, आज दुपारी काचपट्टीवर लेटेक्सचा थेंब पसरला आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. मुलुंडची आपली प्रयोगशाळा तशीच आहे, खिडकीतून तसाच टेकड्यांचा हिरवा उजेड येतो. पहिल्या दिवशी तुम्ही मला अशाच थेंबासमोर बसवलं होतंत. पाण्यात पॉलिमरचे बारीक कण, प्रत्येक कण प्रकाशाला भलतीकडे वळवतो, म्हणून सगळं दुधासारखं पांढरं. खालून लेसरचा लाल किरण सोडायचा आणि वर किती पोचतो ते मोजत राहायचं. पाणी उडून जातं, कण जवळ येतात, दाबले जातात, मधल्या फटी मिटतात आणि दुधाची काच होते. मी सारखी घड्याळ बघत होते. ‘घाई करू नकोस गं,’ तुम्ही म्हणालात, ‘एकमेकांत शिरायला त्यांना वेळ लागतो.’

तुम्हाला कमी दिसतंय हे मला तुमच्या घाटकोपरच्या स्वयंपाकघरात कळलं. तुम्ही चहा ओतत होतात आणि कप भरला का ते कळावं म्हणून आत बोट धरलं होतंत. मी बघतेय हे तुम्हाला कसं समजलं कोण जाणे. ‘डोळ्यांचे पडदे चाललेत. निवृत्तीला दोन वर्षं आहेत, कुणाला बोलू नकोस.’ मग मी आकडे वाचू लागले, तुम्ही डोळे मिटून ऐकू लागलात. त्या दुपारी मला अजून स्वप्नातल्यासारख्या आठवतात. ‘काय दिसतंय?’ ‘अजून धुकं आहे, बाई.’ ‘आता?’ ‘आता काचेतून तुमच्या साडीचा काठ दिसतोय.’ तुम्ही लहान मुलीसारख्या हसता.

आणि मग तो दिवस. मी वाकून काचपट्टी सरळ करतेय. मी खुर्चीत बसलेय असं समजून तुम्ही किरण चालू करता. लाल ठिपका माझ्या भुवईवर पडतो, डोळ्याच्या बोटभर वर. ‘झालं का गं?’ तुम्ही विचारता. ‘झालं,’ मी म्हणते आणि बाहेर जिन्यात जाऊन बसते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी संचालकांना सगळं सांगितलं. आठवड्याभरात तुम्हाला प्रयोगशाळेतून काढून ग्रंथालयात बसवलं.

तुम्हाला वाटलं, शेजारच्या टेबलावरच्या सरांनी चुगली केली. ‘त्यालाच माझी जागा हवी होती,’ तुम्ही मला म्हणालात, माझा हात धरून. मी हात सोडवला नाही आणि बोललेही नाही. निरोप समारंभात ते शाल घेऊन पुढे आले, तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत मान फिरवलीत. ते शाल हातात घेऊन तसेच उभे राहिले. तुम्ही गेलात त्या दिवशी ते अंत्यदर्शनाला आले, पण वर आले नाहीत, सोसायटीच्या फाटकापाशीच थांबले. मी त्यांना ओलांडून आत गेले.

संचालकांकडे गेले याचा पश्चात्ताप नाही, बाई. पुन्हा तसं झालं तर पुन्हा जाईन. पण तुमची आवडती राहायचं होतं मला, आणि त्यासाठी मी एका भल्या माणसाला वापरलं. सर आता बोरिवलीला राहतात. पत्र खरं तर त्यांनाच लिहायला हवं. पण त्यांच्याकडून उत्तर येईल, म्हणून तुम्हाला लिहिलं.